रोकड जुळेपर्यंत

“आबा, तो दगड आपल्यावर पडणार?” ॲपोफिस लघुग्रहाबद्दल ऐकून नातू घाबरला. मला बँकेतली संध्याकाळ आठवली. रोकड जुळेना की पोटात गोळा यायचा. चूक मात्र बहुधा वहीत सापडे, तिजोरीत नव्हे.

सुमारे ३४० मीटरांचा हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी आदळण्याची शक्यता २००४च्या डिसेंबरात २.७ टक्के निघाली होती. जुनी छायाचित्रे धुंडाळून कक्षा पक्की केली, तेव्हा ते भय सरले. २०२१च्या रडार-मोजणीने पुढच्या शंभर वर्षांचीही हमी दिली. दगडाची वाट तीच होती. सुधारली ती आपली बेरीज.

त्या दिवशी तो सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. पृथ्वीच्या ओढीने त्याची कक्षा बदलेल, वही पुन्हा मांडावी लागेल.

“नीज निवांत,” मी नातवाला म्हटले, “वही लिहिणारे जागे आहेत.”