मुंबई ते कोलकाता: अंतर एक, वेळा दोन

गेल्या वर्षीं आठवीच्या वर्गास मीं एक उदाहरण घातलें होतें : "मुंबईहून कोलकाता विमानमार्गानें १,६६० किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशीं ८३० किलोमीटर असल्यास जाण्यास व परत येण्यास किती वेळ लागेल?" सर्वांनीं दोन-दोन तास असें उत्तर लिहिलें. एका विद्यार्थ्यानें मात्र लिहिलें, "जातांना कमी, येतांना जास्त." त्यावर मीं तांबडी फुली मारली. दुसऱ्या दिवशीं त्यानें वडिलांबरोबर केलेल्या प्रवासाचीं तिकिटें माझ्यापुढें ठेविलीं. जाण्यास सुमारें पावणेतीन तास, येण्यास तीन! तेव्हां मला विचार करणें भाग पडलें.

प्रथम अंतर पाहूं. नागपूरवरून हावड्यास जाणारा लोहमार्ग १,९६८ किलोमीटर आहे. घाट, नद्या व वाटेंतील शहरें यांस अनुसरून तो वळणें घेतो. विमानास हीं बंधनें नाहींत. पृथ्वीच्या गोलावर दोन स्थळांमधील सर्वांत जवळची जी वाट, ती या दोन विमानतळांमध्यें सुमारें १,६६० किलोमीटर भरते.

आतां वेळ. वेळापत्रकांतील वेळ केवळ आकाशांतील नव्हे. विमान जागेवरून हललें कीं ती सुरू होते आणि मुक्कामीं उभें राहिलें कीं संपते. धावपट्टीपर्यंत जाणें, पाळी येईपर्यंत थांबणें, चढतांना व उतरतांना मंद गतीनें चालणें, या सर्वांमुळें दोन तासांचे पावणेतीन होतात.

परंतु जाण्यायेण्यांत फरक कां? कोलकात्यास सूर्य सुमारें एक तास आधीं उगवतो हें खरें. पण दोन्हीं शहरांचें घड्याळ एकच आहे. खरें कारण वारा होय. नदींतील होडीप्रमाणें विमान हवेच्या प्रवाहांत चालतें. हिवाळ्यांत दहा-बारा किलोमीटर उंचीवर आपल्याकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. समजा, वाऱ्याचा वेग ताशीं ८० किलोमीटर आहे. मग जातांना जमिनीच्या मानानें वेग ९१० होईल व १ तास ४९ मिनिटें लागतील. येतांना वेग ७५० राहील व २ तास १३ मिनिटें लागतील.

विद्यार्थिमित्रांनो, या दोन वेळांची बेरीज करून पाहा. ती चार तास नसून ४ तास २ मिनिटें येते. वारा जातांना जेवढें देतो त्याहून अधिक येतांना घेतो. कारण प्रतिकूल वाऱ्यांत विमानास अधिक वेळ राहावें लागतें. पावसाळ्यांत मात्र दक्षिण भारतावर उंचावरचे वारे पूर्वेकडून वाहूं लागतात, आणि तेव्हां त्यांची मदत पश्चिमेकडे येणाऱ्या विमानास मिळते.

पालकांनीं प्रवासाचा बेत आंखतांना अंतरास वेगानें भागूं नये; तिकिटावरील वेळच धरावी, व ती दोन्हीं बाजूंची निरनिराळी पाहावी.

माझें गणित चुकलें नव्हतें, पण वारा नाहीं हें मीं न सांगतांच गृहीत धरलें होतें. त्या मुलानें तें धरलें नाहीं, कारण त्यानें तो प्रवास केला होता. दुसऱ्याच दिवशीं साऱ्या वर्गासमक्ष मीं त्याच्या वहींतील फुली खोडली व त्यास पूर्ण गुण दिले.