नाक्यावर गाडी अडली तर काय करावे?



गळीत हंगाम सुरू झाला की आपली निम्मी माणसे रात्री रस्त्यावर असतात. कुरुळा, पेठवडज, बारूळ, फुलवळ या भागांतून ऊस भरून ट्रॅक्टर निघतात आणि वाटेत कुठे ना कुठे पोलीस हात दाखवतात. गाडी अडकून पडली तर तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते आणि तो तोटा शेतकऱ्याच्याच अंगावर येतो. म्हणून हा विषय प्रत्येक सभासदाने नीट समजून घ्यावा.

नाका आपल्याला नवा नाही. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, तेव्हा कापूस परराज्यात नेण्यास बंदी झाली आणि सीमेवर गाड्या तपासल्या जाऊ लागल्या. उसाची झोनबंदीही आपण भोगली. ती १९९७ मध्ये उठली. त्या काळी "सरकारचा माणूस आहे, त्याला काय बोलायचं?" असे म्हणून आपली माणसे गप्प बसत. आता मात्र गप्प बसण्याचे कारण नाही.

पोलिसांचा अधिकार आणि आपला हक्क

गणवेशातील पोलिसाने मागितला तर चालकाने परवाना दाखवलाच पाहिजे. कागद जवळ नसतील तर मोबाईलमधील डिजिलॉकरवरचे कागदही चालतात. परवाना ठेवून घेतला तर त्याची तात्पुरती पोच मागावी. दारू किंवा चोरीचा माल असल्याचा संशय आला तर पोलीस झडती घेऊ शकतात. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरण करायचे असते, आणि जप्त मालाची यादी करून त्यावर साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या असतात.

एक गोष्ट मुकादमांनी पक्की ध्यानात ठेवावी. टोळीतील बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, तीही तिची अब्रू राखून. पुरुष पोलिसाला तो अधिकार नाही. तांड्यावरची किंवा पारध्याच्या पालातली माणसे दिसली की पहिला संशय त्यांच्यावर जातो. त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा १९५२ मध्येच रद्द झाला. त्यांच्या बाजूने दोन शब्द बोलणे हे ज्याच्या शेतात ती राबतात त्याचे काम आहे.

निवडणुकीतली रोकड

२०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. हे दिवस म्हणजे टोळ्यांना उचल देण्याचे आणि बैल-गाड्यांच्या खरेदीचे. अशा वेळी पन्नास हजारांच्या वर रोकड जवळ असली की तपासणी पथक विचारपूस करते. बँकेची पैसे काढल्याची नोंद, बाजार समितीची पट्टी किंवा जनावर विकल्याची पावती खिशात असू द्या. रक्कम जप्त झालीच तर पावती घ्या. लोकसभा-विधानसभा निवडणुकीत अशा रकमांसाठी जिल्ह्यात तीन अधिकाऱ्यांची समिती असते. पैशाचा निवडणुकीशी संबंध नसेल तर ती रक्कम सोडते. तिच्याकडे अर्ज करा.

तक्रार कुठे, कशी?

पारावर दहा जणांना सांगितलेली तक्रार हवेत जाते. घरी पोचताच कागदावर उतरवा: तारीख, वेळ, कोणत्या फाट्यावर, गाडीचा नंबर, पोलिसाच्या छातीवरचे नाव किंवा बक्कल नंबर, काय विचारले, काय घेतले, कोण हजर होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात, अटक व चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव व हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, असे बजावले आहे. नाव विचारण्यात उद्धटपणा नाही. ते नम्रपणे विचारावे. जागेवर हुज्जत घालू नये.

अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षक, नांदेड यांच्या नावे करावा. हाती दिला तर शिक्क्यानिशी पोच घ्यावी, नाहीतर नोंदणीकृत टपालाने पाठवून पावती जपावी. पैशाची मागणी झाली असेल तर पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवावे. बेकायदा डांबून ठेवणे, जबर दुखापत, खंडणी असे गंभीर प्रकार असतील तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात अशी प्राधिकरणे नेमण्यास सांगितले, आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. विभागीय स्तरावरही प्राधिकरणाची तरतूद आहे.

आपली बाजूही स्वच्छ हवी

मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ट्रॉली दोन्ही बाजूंनी वाढलेली, अशी गाडी अंधारात माणसे मारते. ती अडवली तर पोलिसांचे चुकले कुठे? परवाना, विमा, रिफ्लेक्टर सगळे ठीक असेल तरच तक्रारीला वजन येते. खोटी तक्रार तर मुळीच करू नये, तोही गुन्हाच आहे.

ज्यांना वाचता येत नाही अशा गाडीवानांना आणि टोळीतील माणसांना हा लेख सभासदांनी वाचून दाखवावा, आणि त्यांच्यापैकी कुणावर प्रसंग आला तर अर्ज लिहून द्यावा, ही विनंती.