कवटीचा हिशेब

गेल्या डिसेंबरात आजीच्या मेंदूचा दुसरा स्कॅन झाला. पहिला पेट-सीटी यंत्रावर झाला होता, हा पेट-एमआरवर. आईने दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि तिचा चेहरा उतरला. आकडे कमी झाले होते. डॉक्टर म्हणाले, "यंत्रं वेगळी आहेत, आकड्याला आकडा लावू नका." मला ते पटेना. वजनकाटा बदलला म्हणून माणूस बारीक होतो का? मी साहित्याची विद्यार्थिनी, बारावीनंतर फिजिक्सचं पुस्तक उघडलं नव्हतं. या वेळी उघडलं.

पेट स्कॅनमध्ये किरणोत्सर्गी साखर शिरेतून देतात. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तो ती जास्त ओढतो. तिथून गॅमा किरणांच्या जोड्या निघतात, एक इकडे, दुसरा बरोब्बर उलट दिशेला, आणि डोक्याभोवतीचं कडं त्या मोजतं. पण बहुतेक जोड्यांतला एक तरी किरण वाटेतच अडतो किंवा भरकटतो. या कानापासून त्या कानापर्यंतच्या रेषेवर चार-पाच जोड्यांतली जेमतेम एक शाबूत बाहेर पडते. म्हणून मिळालेला आकडा वाढवून खरा आकडा काढावा लागतो, आणि किती वाढवायचा हे वाटेत काय आहे त्यावर ठरतं. १ सेंटिमीटर पाणी सुमारे ९ टक्के किरण अडवतं. तेवढंच हाड साधारण १४ टक्के.

सीटीला हाड लख्ख दिसतं, त्यामुळे हिशेब सोपा. एमआर मेंदूच्या मऊ पेशी सुरेख दाखवतं, पण हाडाचा सिग्नल मिलिसेकंदाच्या आतच विरतो. चित्रात हाडही काळं आणि सायनसमधली हवाही काळी! एक सगळ्यात जास्त अडवणारं, दुसरी जवळजवळ काहीच न अडवणारी. सुरुवातीच्या पद्धतींत तर कवटी सरळ मऊ पेशींत जमा धरायचे. मग कवटीला लागून असलेल्या भागांचे आकडे कमी यायचे, आणि विसरभोळेपणाचं निदान करताना नेमके तेच भाग बघायचे असतात.

अल्झायमरमधलं अमायलॉइड मोजताना आणखी एक गंमत होते (गंमत म्हणवत नाही खरं तर). तिथे मोठ्या मेंदूचा आकडा लहान मेंदूच्या आकड्याने भागतात. लहान मेंदू जाड हाडाच्या कुशीत असतो. त्याचा आकडा कमी धरला गेला, तर भागाकार फुगतो आणि आजार आहे त्याहून जास्त दिसतो.

यावर उपाय निघालेत. काही पद्धती हाडाचा सिग्नल विरायच्या आत टिपतात. काही अनेक लोकांच्या सीटी आणि एमआर चित्रांवरून आपल्या कवटीचा अंदाज बांधतात. डोक्याचं ऑपरेशन होऊन हाडाचा तुकडा काढलेला असेल, तर हा अंदाज फसू शकतो. २०१७ मध्ये ३५९ जणांच्या स्कॅनवर अशा ११ पद्धती तपासल्या गेल्या. चांगल्या पद्धतींचे आकडे सरासरीने सीटीच्या ५ टक्क्यांच्या आत आले. यंत्र चांगलंच आहे, पण कवटीचा हिशेब कोणत्या पद्धतीने केला हे रिपोर्ट वाचताना ठाऊक हवं.

मी हे आईला चहा पिता पिता समजावलं. तिने एकच विचारलं, "मग आजीची तब्येत खालावली की नाही?" या दोन कागदांवरून ते सांगता येत नाही, म्हटलं. पुढचा स्कॅन आता पेट-एमआरवरच, त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने करायचा, असं डॉक्टरांशी बोलून ठरलं आहे.