पर्यावरणाची पदवी : एका सरोवराला लागणारे विषय (लेखांक ५)

मागच्या लेखात पर्यावरणाचे कायदे पाहिले. आज या विषयाच्या पदवीबद्दल. सुरुवात लोणारपासून करू, कारण अशी पदवी का हवी हे तिथे चटकन कळतं.

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या या सरोवराचं हिरवट पाणी बघता बघता गुलाबी झालं. उल्कापातानं बेसाल्टमध्ये पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर. त्यातलं पाणी मुळातच खारं आणि अल्कधर्मी. नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. पाणी स्थिर ठेवल्यावर गुलाबी थर तळाशी बसला आणि वर नितळ पाणी उरलं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, त्यात वाढलेल्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा होता. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले आणि अतिखाऱ्या पाण्यातच फोफावणाऱ्या या जीवांना रान मोकळं मिळालं.

रंगाचं कोडं सुटलं, सरोवराचे प्रश्न मात्र तसेच राहिले. काठच्या झऱ्यांना पाणी कुठून येतं, हे भूजलाचा अभ्यासक सांगेल. गावाचं सांडपाणी विवरात उतरू द्यायचं नसेल, तर नगरपालिकेचं अंदाजपत्रक वाचता आलं पाहिजे. उतारावर माजलेली वेडी बाभूळ काढताना तिच्या जागी काय उगवेल हे वनस्पतीशास्त्र सांगेल; पण तिचं सरपण कोण नेतं, हे घरोघरी जाऊनच विचारावं लागतं. काठावर प्राचीन मंदिरं आहेत, भोवती अभयारण्य आहे, २०२० पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा आहे आणि संवर्धनाचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलेलं आहे. हे सगळे धागे एकत्र धरणारा माणूस एका विषयाच्या पदवीतून क्वचितच तयार होतो.

आपल्याकडे या शिक्षणाला जोर मिळाला तो न्यायालयामुळे. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले. त्यातून पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सगळ्या शाखांच्या पदवीला लागू झाला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिणारे डॉ. एरच भरुचा पेशानं शल्यचिकित्सक. अभ्यासक्रमाचा हेतू उत्तम होता. पण ५० तासिकांपैकी क्षेत्रभेटीला जेमतेम ५, आणि त्याही अनेक ठिकाणी फायलीत चिकटवलेल्या चित्रांवर भागवल्या गेल्या. विद्यार्थ्यांचा एवढा वेळ असा वाया जावा, याचं मला फार वाईट वाटतं.

पूर्ण पदवीत ही चूक टाळता येते. मात्र पहिल्या सत्रात रसायन, दुसऱ्यात अर्थशास्त्र, तिसऱ्यात कायदा अशी नुसती विषयांची उतरंड रचून भागत नाही. एखादी नदी, डोंगर किंवा कचरा डेपो तीन वर्षं विद्यार्थ्यांच्या हाताखाली असावा आणि प्रत्येक विषयाच्या शिक्षकानं त्याच जागेवर त्यांना कामाला लावावं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या मुलीनंच त्या काठच्या मच्छीमाराची मुलाखत घ्यावी आणि माहिती अधिकाराचा अर्जही तिनंच लिहावा. तेव्हा कुठे हे विषय एकमेकांशी बोलू लागतात. पदवीच्या नव्या चार वर्षांच्या चौकटीत चौथं वर्ष संशोधनाला देता येतं. त्याचा उपयोग अशाच दीर्घ कामासाठी व्हावा.

एक सावधगिरी. सगळं थोडं थोडं आणि पक्कं काहीच नाही, असा धोका या पदवीत असतोच. म्हणून जीआयएस (संगणकीय नकाशांचं तंत्र) असो, संख्याशास्त्र असो की जल-परीक्षण, एक कौशल्य तरी पोटापाण्याला पुरेल इतकं घोटून घ्यावं.

बारावीनंतर महाविद्यालय शोधताना आधी एक चौकशी करा: बी.एस्सी.ला बहुधा विज्ञान शाखा लागते, त्यामुळे कला-वाणिज्यच्या मुलांनी प्रवेशाचे नियम नीट वाचावेत. आणि माहितीपुस्तिका बाजूला ठेवून शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रकल्प अहवाल मागा. त्यात आसपासच्या गावांची, नाल्यांची, माणसांची नावं सापडली, तर खुशाल प्रवेश घ्या.