हॅश किती द्यावा?

नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या खामगावातही बुद्धिबळ शिकायला येणारी मुलं वाढली आहेत. स्पर्धा खेळून आली की ती डाव तपासायला माझ्याकडे येतात. माझ्याकडे 4 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर फुकट मिळणारं स्टॉकफिश. कुठल्याही ग्रँडमास्टरला भारी पडेल असं हे इंजिन, पण त्याची हॅशची सेटिंग बहुतेकांनी कधी उघडूनच पाहिलेली नसते.

चालींचा क्रम वेगळा असला तरी पटावर पुष्कळदा तीच स्थिती येते. ती परत मोजावी लागू नये म्हणून इंजिन तिचं मूल्य, उत्तम चाल आणि किती खोल पाहिलं हे तक्त्यात टिपून ठेवतं. हाच हॅश. प्रत्येक स्थितीला एक आकडा देऊन ती ओळखण्याची युक्ती अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी 1970 मध्ये मांडली. स्टॉकफिशमध्ये मुळात 16 एमबी हॅश असतो आणि त्यात सुमारे 15 लाख 70 हजार नोंदी मावतात. इंजिन सेकंदाला लाखो स्थिती पाहतं, त्यामुळे तो लवकरच भरतो आणि कामाच्या जुन्या नोंदी पुसल्या जाऊ लागतात.

तक्त्याची करामत दाखवायला मी रूबेन फाइन यांच्या 1941 च्या पुस्तकातली 70 क्रमांकाची स्थिती लावतो. पांढरा राजा ए1 वर, प्यादी ए4, डी4, डी5, एफ4. काळा राजा ए7 वर, प्यादी ए5, डी6, एफ5. प्यादी सगळी अडलेली, फिरतात ते फक्त राजे. मुलं राजा पुढे न्यायला बघतात, पण जिंकणारी चाल आहे राजा बी1. तिचं फळ इतकं लांब आहे की नुसत्या चाली मोजत गेलं तर इंजिन थकेल. पण दोन राजांच्या फिरण्यातून वेगळ्या स्थिती मोजक्याच निघतात. तक्ता हाताशी असला की बी1 लगेच पडद्यावर येतं.

किती हॅश द्यावा हे हॅशफुलचा आकडा सांगतो: तक्त्याच्या हजार भागांतले किती भरले. झटपट तपासणीला मी 256 एमबी देतो, रात्रभराच्या विश्लेषणाला 1 जीबी, म्हणजे सुमारे 10 कोटी नोंदी. 3 जीबी देण्याचा मोह मात्र टाळावा. विंडोजला रॅम उरली नाही की मशीन डिस्कवर लिहू लागतं आणि वेग कोसळतो. हॅश दुप्पट केला म्हणून ताकद दुप्पट होत नाही. फायदा थोडाच, आणि तोही लांब विचारात.

तक्ता रॅममध्येच असतो. उन्हाळ्यात लाइट गेली आणि बॅटरीने दगा दिला की रात्रभराच्या नोंदी साफ. म्हणून सापडलेल्या चाली मी अधूनमधून फाइलमध्ये सेव्ह करतो.

आणि डाव नेहमी शेवटाकडून तपासावा, मध्ये ‘क्लिअर हॅश’ दाबू नये. शेवटच्या स्थितींच्या नोंदी तक्त्यात टिकून असतील तर मागे येताना त्या कामी येतात. तिसाव्या चालीवर बरोबरी दाखवणारं इंजिन मग तिथेच हत्तीचा बळी सुचवतं, कारण पुढचं सगळं त्याने आधीच पाहिलेलं असतं.