चाहत्यांचें गणित

हॉकी हा शब्द उच्चारतांच आपणां भारतवासीयांच्या डोळ्यांपुढें मोकळें मैदान आणि मेजर ध्यानचंद यांची काठी उभी राहते. कॅनडा देशांत मात्र हाच शब्द ऐकून लोकांस बर्फ आठवतें. तेथील हिवाळा लांब व कडक. म्हणून गोठलेल्या तळ्यांवर, आणि शहरांतून मुद्दाम गोठविलेल्या रिंगणांत, तळाशीं पोलादी पातीं बसविलेले बूट घालून मुलें हा खेळ खेळतात. चेंडूच्या जागीं रबराची कठीण चकती असते, आणि प्रत्येक बाजूस सहा गडी असतात. कॅनडा व अमेरिका या दोन देशांतील धंदेवाईक संघ ज्या मंडळाच्या विद्यमानें खेळतात, तें नॅशनल हॉकी लीग १९१७ सालीं स्थापन झालें. स्टॅन्ले कप नांवाचा चषक हें तेथील सर्वोच्च बक्षीस होय.

या खेळाचा हंगाम ऑक्टोबरांत सुरू होऊन जूनमध्यें संपतो. मग रिंगणें ओस पडतात, पण बोलणीं मात्र तेव्हांच रंगांत येतात. याचें कारण असें कीं, बहुधा १ जुलै या दिवशीं, कराराची मुदत संपलेले नामांकित खेळाडू कोणत्याहि संघाशीं नवा करार करण्यास मोकळे होतात. अशा खेळाडूस तिकडे ‘फ्री एजंट’ म्हणतात; आपण त्यास ‘मोकळा खेळाडू’ म्हणूं. तो कोणाकडे जाईल, किती वेतन घेईल, आणि तो आला तर आपला संघ कोठवर मजल मारील, याविषयीं घरोघरीं, कचेऱ्यांतून आणि वर्तमानपत्रांतून आठवडेच्या आठवडे तर्क चालतात. हे तर्क कसे बांधले जातात आणि कोठें फसतात, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून सांगण्याचा आमचा विचार आहे.

पूर्वीं खेळाडूंस असें मोकळेपण नव्हतें. करार संपला तरी खेळाडूवरील हक्क संघाकडेच राही. १९७२ सालीं वर्ल्ड हॉकी असोसिएशन हें प्रतिस्पर्धी मंडळ निघालें, आणि शिकागो संघाचा तेजस्वी खेळाडू बॉबी हल हा विनिपेगच्या नव्या संघास जाऊन मिळाला. तेव्हां हें बंधन जोरानें हादरलें. पुढें नियम हळूहळू बदलत गेले. आमच्या वाचकांस क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगमधील लिलाव ठाऊक आहे. तेथें ज्या संघाची बोली सर्वांत मोठी, त्याच्याकडे खेळाडू जातो. येथें रीत उलटी आहे. संघ आपापलें म्हणणें मांडतात, आणि निवड खेळाडू करतो. म्हणूनच तर्कास एवढी जागा राहते. कारण पैशाचा आंकडा मोजतां येतो, माणसाचें मन मोजतां येत नाहीं.

आतां आमचें उदाहरण. जॉन टव्हारेस हा खेळाडू १९९० सालीं टोरांटो शहराच्या शेजारीं असलेल्या मिसिसॉगा गांवीं जन्मला. २००९ सालीं नवोदित खेळाडूंच्या निवडींत न्यू यॉर्क आयलंडर्स या संघानें त्यास सर्वांत आधीं निवडलें. नऊ हंगाम तो त्यांच्याकडून खेळला, व पुढें त्यांचा कर्णधारहि झाला. २०१८ च्या उन्हाळ्यांत त्याचा करार संपला. जूनच्या अखेरीस त्याच्या संघाखेरीज आणखी पांच संघांचे प्रतिनिधि त्यास भेटले. त्यांत टोरांटोचा मेपल लीफ्स हा संघहि होता. या संघानें स्टॅन्ले कप शेवटचा जिंकला तो १९६७ सालीं. म्हणजे पन्नासांहून अधिक वर्षें बाप लेकास आणि लेक नातवास ‘पुढील वर्षीं’ असें सांगत आले होते. अशा शहराच्या आशेस एवढें निमित्त पुरे झालें. खेळाडू घरचा, आपला संघ तरुण, उणीव काय ती एका अनुभवी वीराची. तो आला कीं चषक आलाच, असें गणित पुष्कळांनीं मांडलें.

आणि तो खरोखरच आला! १ जुलै २०१८ रोजीं त्यानें टोरांटोशीं सात वर्षांचा, ७ कोटी ७० लक्ष डॉलरांचा करार केला. आणि त्याबरोबर आपलें बालपणींचें एक छायाचित्र प्रसिद्ध केलें. त्यांत तो मेपल लीफ्सच्या चिन्हांची चादर पांघरून निजलेला दिसतो. तें चित्र पाहून शहरास भरतें आलें.

त्यानेंहि आपला शब्द राखला. पहिल्याच हंगामांत त्यानें ४७ गोल केले. तोंवर एका हंगामांत एवढे गोल त्यानें कधींच केले नव्हते. म्हणजे माणसाविषयींचा चाहत्यांचा तर्क तंतोतंत खरा ठरला. परंतु संघ २०१९ सालीं बाद फेरींत पहिल्याच मालिकेंत बॉस्टनकडून हरला. पुढील तीन वर्षेंहि त्याच पायरीवर गेलीं. शेवटीं २०२३ सालीं टँपा बे संघावर मालिकेचा विजय मिळाला. तो निर्णायक गोलहि टव्हारेसचाच होता. पण त्यापुढील मालिकेंत संघ पुन्हां हरला. २०२५ च्या हंगामापर्यंत चषक टोरांटोस परत आलेला नव्हता.

मग गणित चुकलें कोठें? आम्हांस वाटतें, बेरीज बरोबर होती. वजाबाकी कोणी केली नव्हती. २००४-०५ चा सबंध हंगाम संघमालक व खेळाडू यांच्या वादांत बुडाल्यावर या मंडळानें वेतनमर्यादा घातली. सर्व खेळाडूंचें मिळून वेतन ठराविक रकमेपलीकडे नेण्यास कोणत्याहि संघास, तो कितीहि धनाढ्य असो, मुभा नाहीं. २०१८-१९ सालीं ही मर्यादा ७ कोटी ९५ लक्ष डॉलर होती, आणि टव्हारेसचा वार्षिक वांटा होता १ कोटी १० लक्ष. सामन्यास वीस गडी सज्ज ठेवावे लागतात. त्यांतील एकट्यासच सुमारें सातवा हिस्सा गेला. लौकरच संघांतील तिघा तरुणांसहि मोठीं वेतनें द्यावीं लागलीं, आणि २०१९-२० पासून या चौघांकडेच सुमारें निम्मी रक्कम जाऊं लागली. त्यांतच महामारी आली. मर्यादा दरवर्षीं वाढत जाईल अशी अपेक्षा होती, ती तीन हंगाम ८ कोटी १५ लक्षांवरच थबकली. उरलेल्या निम्म्यांत बचाव करणारे, गोल राखणारे आणि बाकीचे सारे गडी बसवावयाचे. नवा वीर आपणांस काय देईल, हें प्रत्येकानें सांगितलें होतें. त्याच्यापायीं काय सोडावें लागेल, हें फार थोड्यांनीं विचारलें.

या कथेची दुसरी बाजूहि पाहण्याजोगी आहे. करार संपून गेलेल्या खेळाडूबद्दल आयलंडर्सच्या हातीं कांहींच आलें नाहीं. ज्या छायाचित्रानें टोरांटो हर्षलें, त्यानेंच त्यांचे चाहते संतापले. २८ फेब्रुवारी २०१९ रोजीं टव्हारेस पाहुण्या संघाकडून तेथें खेळावयास आला, तेव्हां त्याच्या काठीस चकतीचा स्पर्श होतांच जुन्या चाहत्यांनीं त्याची हुर्यो उडविली. तो सामना आयलंडर्सनीं ६-१ असा जिंकला. एकच कृत्य एका गांवीं घरवापसी ठरलें आणि दुसऱ्या गांवीं दगाबाजी. वस्तुतः त्यानें केलेला करार पुरा पाळून मगच नवा केला होता.

आणि त्या टाकलेल्या संघाचें पुढें काय झालें? वीर गेला म्हणून सारे त्याचा अंत चिंतीत होते. परंतु नव्या शिक्षकानें, म्हणजे बॅरी ट्रॉट्झ यानें, सर्व गड्यांस मिळून बचाव करण्याची शिस्त लावली. २०१७-१८ सालीं ज्या संघावर मंडळांत सर्वांत अधिक गोल झाले होते, त्याच संघावर पुढल्याच हंगामांत सर्वांत कमी झाले! २०१९ सालीं त्यानें पिट्सबर्गवर सरळ चार सामन्यांत मात केली, आणि २०२० व २०२१ या दोन्ही सालीं तो उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचला.

यावरून मोठा खेळाडू निरुपयोगी असतो असें कोणीं समजूं नये. टव्हारेसनें २०२५ सालीं, पूर्वीच्या निम्म्याहूनहि कमी वार्षिक वेतनावर, टोरांटोशींच पुन्हां चार वर्षांचा करार केला. आणि संघास ती सवलत उपयोगाचीच आहे. तर्क करण्यांतहि दोष नाहीं. आशा हा तर खेळाचा अर्धा आनंद आहे. मात्र विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वर्गांत दुसऱ्या शाळेंतून एखादा नामांकित गोलंदाज आला, आणि ‘यंदा ढाल आपलीच’ असें सर्वजण म्हणूं लागले, तर एवढें अवश्य विचारा: उरलेले दहा जण कोण, आणि त्यांचा सराव चालू आहे काय? नव्या गड्याचें स्वागत करावें तें मनापासून करावें. पण सबंध संघाचें ओझें त्याच्या एकट्याच्या खांद्यांवर टाकूं नये, आणि तो हरला म्हणून त्यास बोल लावूं नये.