सेवेतील खंड : लपवावा की सांगावा?

काही वर्षांपूर्वी आमच्या लहानशा फार्मसीत तांत्रिक पर्यवेक्षकाच्या जागेसाठी एक वैद्य भगिनी मुलाखतीस आल्या होत्या. अर्जासोबत एका फार्मसीचे सहा वर्षांच्या अनुभवाचे प्रमाणपत्र होते. आसवाचे संधान पूर्ण झाल्याची ओळख विचारली. पात्राच्या मुखाशी नेलेली पेटती काडी विझत नाही, आतील आवाज थांबलेला असतो, असे अचूक उत्तर मिळाले. ‘तुमच्याकडे हिवाळ्यात यास किती दिवस लागत?’ या प्रश्नावर मात्र त्या गप्प झाल्या. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितले, की ही सहा वर्षे पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या सासूबाईंच्या शुश्रूषेत गेली. प्रमाणपत्र ओळखीतून मिळवलेले आहे.

मी नकार दिला. असत्य प्रमाणपत्र हे कारण तेव्हा पुरेसे वाटले. पुढे मात्र एक प्रश्न मनातून जाईना : त्यांनी खरे लिहिले असते, तर मी मुलाखतीस तरी बोलावले असते काय? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच होते. जाहिरातीत ‘सलग अनुभव आवश्यक’ हे शब्द मीच घातले होते.

प्रसूती व अपत्यसंगोपन, घरातील आजारपण, पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी, न चाललेले चिकित्सालय अशा अनेक कारणांनी आपल्या व्यवसायात खंड पडतो. त्यात लाजिरवाणे काही नाही. तथापि खंडाचा परिणामच होत नाही, असे म्हणणेही बरोबर नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ आहे. शास्त्र शिकलेला शिष्यही प्रत्यक्ष अभ्यासाविना कर्मास अयोग्य ठरतो, म्हणून कोहळा, दुध्या, काकडी यांवर छेदनाचा सराव तेथे सांगितला आहे. सुटलेली सवय सरावाने परत येते. खोट्या कागदाने नव्हे.

असा कागद देणाऱ्या फार्मसीचालकांनीही विचार करावा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम १५७ नुसार आयुर्वेदीय औषधनिर्मिती सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते आणि अशी किमान एक व्यक्ती पूर्णवेळ नोकरीत असावी लागते. कधीच न आलेल्या व्यक्तीस पर्यवेक्षक म्हणून दाखविणे हा उपकार नव्हे. आपल्याच उत्पादन-नोंदी त्यामुळे संशयास्पद होतात.

उमेदवाराने खंड एका ओळीत, महिना-वर्षासह लिहावा : ‘जून २०१७ ते मे २०२३ : कुटुंबातील पक्षाघातग्रस्त रुग्णाची शुश्रूषा.’ एवढे पुरे. स्वतःच्या आजाराचा तपशील देण्याचे कारण नाही. चिकित्सालय बंद करावे लागले असल्यास तसेच लिहावे. त्याखाली पुनःप्रवेशाची तयारी नोंदवावी : परिषदेकडील नोंदणीची सद्यःस्थिती, केलेले अभ्यासवर्ग, एखाद्या ज्येष्ठ वैद्यांकडे घालविलेले काही आठवडे. मध्यंतरीचे बदलही ठाऊक असावेत. आयुष मंत्रालयाचा औषधसुरक्षा-निरीक्षणाचा कार्यक्रम २०१७-१८ मध्ये सुरू झाला. जून २०२१ मध्ये केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेची जागा राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाने घेतली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील नियमदुरुस्तीने आयुर्वेदीय उत्पादन-परवान्याची वैधता कायमस्वरूपी झाली. ज्याने हे वाचून ठेवले आहे, त्याचा खंड मुलाखतीत फार काळ चर्चेत राहत नाही.

नेमणूक करणाऱ्याने ‘इतकी वर्षे काय केले?’ याआधी ‘आज काय करता येईल?’ हे पाहावे. एखादा क्वाथ सिद्ध करावयास सांगावा, एखाद्या रुग्णाचा वृत्तांत घेऊ द्यावा. नेमणुकीनंतर शोधनोत्तर संसर्जनक्रम स्मरावा. मंद झालेल्या अग्नीस आपण प्रथम पेया देतो, मग विलेपी, आणि क्रमाने पूर्ण आहारावर आणतो. दीर्घ खंडानंतर आलेल्या वैद्यावरही पहिल्याच दिवशी संपूर्ण विभाग सोपवू नये आणि त्यास कायमचे पेयेवरही ठेवू नये. जबाबदारी पूर्ण झाली, की वेतनही पूर्ण असावे.

आमच्या जाहिरातीत आता ‘मध्यंतरी खंड असल्यास तो नमूद करावा’ असे छापले जाते. त्या भगिनींना मात्र एक प्रश्न विचारावयाचा राहूनच गेला : पक्षाघाताचा रुग्ण सहा वर्षे घरी कसा सांभाळलात?